उन्हात वाळवलेली वडी

संगप्पाच्या ज्या पत्राला मन्मथनं उत्तर दिलं नाही, ते निळं आंतरदेशीय पत्र होतं. नांदेडला ते हातात पडलं तेव्हा आधी त्याला बरंच वाटलं. आजकाल पत्र कोण पाठवतं? संगप्पा पाठवायचा. लातूरच्या बोर्डिंगात दोघं एका खोलीत होते, तेव्हापासूनची ही रीत. साधं बोलणं तोंडानं आणि खरं बोलणं कागदावर. फोनवर मन्मथची जीभ अडखळायची, आणि चाकूरला संगप्पाच्या घरी फोन वाजला की चौघं कान टवकारून बसायचे.

पत्रात लिहिलं होतं:

‘शरणार्थ. तुझ्या वहिनीला, तुळजाला, पोटाचा कॅन्सर हाय हे तुला ठाव हाय. डॉक्टर म्हनले, आता घरी न्या. दुखनं लई हाय. गोळ्यानं कायबी होत न्हाई. आपल्या विहिरीच्या कडंला आज्ज्याच्या काळापासून गांजाचं झाड येतंय, बैलाचं पोट धरलं की देत होते. त्याची फुलं तोडून फ्रीजरात ठेवलीत. डाळमिलचा माल घेऊन हिमाचलात जाणारा एक डायवर सांगला, गोठलेली फुलं बर्फाच्या पाण्यात घुसळायची, गाळायची, अन् खाली बसलेलं वाळवून मुरवायचं. काय रसायन लागत न्हाई म्हनं. मी करनार हाय. तू तेवढ्या तीन गोष्टी बुकात बघून सांग. यानं दुखनं खरंच कमी व्हतं का? वाळवायचं उन्हात का सावलीत? अन् याच्यापरीस चांगलं काय हाय का? पोलिसाचं मला भ्या न्हाई, तिच्या जिवाचं हाय. बिगी कळव. कळ बघवत न्हाई.’

मन्मथ बिराजदार चौतीस वर्षं नांदेडच्या एका सार्वजनिक वाचनालयात होता. कुणी काही विचारलं की तो उठायचा, कपाटापाशी जायचा, नेमकं पुस्तक काढून समोर ठेवायचा आणि खाली बघत म्हणायचा, “यात आहे, बहुतेक.” पुस्तक बरोबर असायचं, तरी ते ‘बहुतेक’ सुटायचं नाही. निवृत्तीच्या समारंभात अध्यक्षांनी त्यावरून विनोद केला होता. सगळे हसले, तोही हसला, आणि घरी येऊन दोन दिवस त्याच विनोदाचा विचार करत बसला.

पत्र आलं त्याच दिवशी तो वाचनालयात गेला. तीन दिवसांत तिन्ही उत्तरं सापडली. दुखणं काही जणांचं थोडं कमी होतं, काहींचं नाही. वाळवायचं ते सावलीत, वारा खेळता ठेवून. उन्हात वरचा थर कडक होतो आणि ओल आत कोंडते. तिसरं उत्तर चार वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रात होतं. लातूरच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी फक्त कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टर बसतात. घरी पाठवलेल्या रोग्यांनाही बघतात, आणि कायद्यानं मिळणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या देतात. मन्मथनं पत्ता आणि फोन नंबर सूचीच्या एका जुन्या कार्डावर उतरवून घेतला. खाली तारीख घातली. हातातून गेलेल्या प्रत्येक कागदावर तारीख घालायची त्याची सवय होती.

मग तो पत्र लिहायला बसला.

पहिलं पत्र सात पानांचं झालं आणि दुखण्यापर्यंत पोचायला त्यातली पाच पानं गेली. फाडलं. दुसऱ्यात ‘बहुतेक’ अकरा वेळा आलं. तिसऱ्यात गांजा हा शब्द लिहिताना हात थांबला. कुणी उघडून वाचलं तर? त्यानं ‘ती वनस्पती’ असं लिहिलं, आणि ते वाचून त्याची त्यालाच लाज वाटली. मग मनात आलं, बातमी चार वर्षांची जुनी आहे. तिथले डॉक्टर आता नसले तर? मरणाच्या दारातलं माणूस जीपमध्ये घालून संगप्पा लातूरला नेईल, आणि तिथं दाराला कुलूप असेल. खात्री करून मगच लिहावं.

त्यानं फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, “बोला.” मन्मथ “मी...” म्हणून अडखळला. “हॅलो, बोला की.” त्यानं फोन ठेवून दिला. पुढच्या गुरुवारी करू म्हणाला. तो गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही गेला.

पाचव्या आठवड्यात फोन आला तो संगप्पाच्या सुनेचा, उज्वलाचा. “काका, आत्याबाई गेल्या.”

तो मातीला गेला. लिंगायतांच्या रीतीनं तुळजाबाईंना खड्ड्यात बसवलं होतं, कपाळावर विभूती, मान किंचित कलती. शेवटच्या दिवसांत तोंड इतकं लहान झालं होतं की त्याला ओळखूच आलं नाही. संगप्पानं मूठभर माती लोटली आणि वर बघितलं. एकदाच, थेट मन्मथकडं. मन्मथ दुपारच्या एसटीनं परत आला. त्यानंतर चाकूरहून पत्र आलं नाही.

दीड वर्ष गेलं. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा उज्वलाचा फोन आला.

“काका, एकदा येऊन जावा. मामा फ्रीज साफ करू देईनात.”

“म्हणजे?”

“या तर खरं. फोनवर सांगायचं न्हाई ते.”

तो गेला. उज्वलानं ओसरीवर पाणी दिलं आणि आवाज खाली आणून सांगू लागली, “माझ्या माहेरचा फ्रीज हाय काका. दीड वर्ष झालं, वाटाण्याच्या शेजारी त्यो डबा. लेकरं बर्फ मागतेत, मामा दारात उभे राहतेत. मला म्हणले होते, काढ्याचा पाला हाय. मी काय कुकुलं बाळ हाय का? सगळं घर वास मारत होतं. पन आत्याबाईसाठी करायलेत म्हणून मी गप बसले.” मग मागच्या खोलीकडं बघून म्हणाली, “आता म्हणतेत, मीच तिला मारलं. जेवण अर्ध्यावर आलंय. तुमचं ऐकतील म्हणून बोलवलं.”

संगप्पा मागच्या खोलीत बाजेवर बसला होता. कधीकाळी खांद्यावर पोतं घेऊन धावणारा गडी, आता त्याची बंडी अंगात नुसती लोंबत होती.

“आलास का पुस्तक्या? वाट चुकलास वाटतं.”

“नाही... म्हणजे, तुलाच भेटायला.”

“बस. उज्वले, डबा आण गं.”

डबा आला. झाकण उघडल्यावर थंड, उग्र वास आला. एका पिशवीत हिम धरलेली, करपल्या रंगाची फुलं होती. खाली कागदात गुंडाळलेली, मुठीएवढी काळी वडी. एका बाजूनं खरवडलेली, आणि खरवडलेल्या जागी आत पांढरी बुरशी.

“बघ,” संगप्पा म्हणाला. “बर्फात घुसळलं, तिच्याच धुवट लुगड्यातून गाळलं. तिथवर बरोबर जमलं. मग पत्र्यावर वाळत घातलं, सांडग्याच्या शेजारी. आपल्यात सावलीत काय वाळवतेत रे? मिरची उन्हात, डाळ उन्हात, सांडगं उन्हात. वरून असं कडक झालं, मला वाटलं झालं काम. लोणच्याच्या बरणीत मुरायला ठेवलं. आतून ओलं हाय हे मला काय ठाव? बुरशी दिसली तर वरून खरवडली अन् हरभऱ्याएवढं तिला दिलं. तिनं काय इचारलं न्हाई. मी दिलं म्हणून गिळलं. दोन दिस नुसती ओकली. तिसऱ्या दिशी गेली.”

मन्मथ वडीकडं बघत राहिला.

“एक इचारू?” संगप्पा म्हणाला. “माझं पत्र भेटलं व्हतं का तुला?”

“नाही,” मन्मथ म्हणाला. “मला पत्र मिळालं नाही.”

जीभ अडखळली नाही. ‘बहुतेक’ही आलं नाही.

संगप्पानं मन्मथचा हात धरला आणि दोन्ही हातांत घेतला. “दीड वर्ष तुला उगं शिव्या घातल्या रे. मातीला आलास तवा वाटलं, ह्याच्या तोंडावर थुकावं. मनात पाप आलं माझ्या.” त्याचा आवाज चिरकला. “पोस्टात रांग व्हती त्या दिशी. विहिरीवर मोटार चालू ठेवून आलो व्हतो. म्हणलं रजिस्टर कशाला, टाकू पेटीत. घंटाभर उभा राहिलो असतो तर तुला भेटलं असतं. तू सांगितलं असतंस, येड्या, सावलीत वाळव. म्हणजे त्येबी माझंच चुकलं.”

मन्मथनं हात सोडवून घेतला नाही, आणि हे बरोबर की चूक तेही त्याला कळेना.

उज्वला त्याला बस स्टँडवर सोडायला आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी घातली होती. “बरं झालं काका, पत्र भेटलं न्हाई ते. मामांना मी म्हणत होते, काका तसले न्हाईत.”

नांदेड येईपर्यंत पिशवी त्याच्या मांडीवर होती. पत्र न मिळण्याच्या खोट्यानं संगप्पाचा राग गेला होता, आणि त्या जागी आणखी एक गुन्हा बसला होता, रांगेत उभं न राहिल्याचा. खोटं आपण बोललो आणि त्याचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर गेलं. असंच राहिलं तर हा माणूस त्या डब्याशेजारी बसूनच संपेल.

घरी आल्यावर त्यानं शब्दकोशातून ते निळं पत्र काढलं. सूचीचं कार्ड तिथंच होतं. दोन दिवसांनी गुरुवार आला. त्यानं नंबर लावला.

“बोला.”

“मी... मी...”

“सावकाश बोला काका, मी थांबते.”

त्यानं सावकाश सगळं सांगितलं. नावं तेवढी सांगितली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मध्ये दोन-तीन गोष्टी विचारल्या, मग म्हणाल्या, “त्या अवस्थेत आतडं बंद पडतं, उलट्या होतातच. त्या वडीनं त्रास थोडा वाढला असेल किंवा नसेलही. पण मरण त्यानं आलेलं नाही. तसं त्यांना नक्की सांगा.”

“आणि गुरुवारचं हे... तेव्हाही होतं? दीड वर्षापूर्वी?”

“होतं की. एकही गुरुवार चुकलेला नाही.”

मन्मथनं फोन ठेवला. मग कागद घेतला आणि कच्चं न लिहिता थेट लिहिलं.

‘संगप्पास शरणार्थ. तुझं पत्र मला मिळालं होतं, चौथ्याच दिवशी. पोस्टाची चूक नाही, रांगेची नाही आणि तुझीही नाही. परवा मी तुझ्यासमोर खोटं बोललो. तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहितो. दुखणं काहींचं थोडं कमी होतं. वाळवायचं सावलीत. आणि त्याच्यापेक्षा चांगलं होतं. लातूरला गुरुवारी त्या दुखण्याच्या गोळ्या देतात. हे मला तेव्हाच माहीत होतं. सोबतच्या कार्डावर माझ्याच हातची तारीख आहे, ती बघ. मी घाबरलो, आणि खात्री करत बसलो. आज तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. वहिनी तुझ्या वडीनं गेल्या नाहीत, हे त्यांनी नक्की म्हणून सांगितलं. त्यांचं दुखणं कमी झालं असतं, ते मी होऊ दिलं नाही. डबा उज्वलाला धुवू दे. मला तू काहीही म्हण. मन्मथ.’

वाचून बघितलं नाही. बघितलं असतं तर फाडलं असतं, एवढं तो स्वतःला ओळखून होता.

पोस्टात रांग होती. तो उभा राहिला. खिडकीशी पोचल्यावर म्हणाला, “रजिस्टर करायचं.”

“रजिस्टर बंद झालं काका. आता स्पीड पोस्ट.”

“पोचल्याचं कळतं ना? नक्की?”

“घेणाऱ्याची सही असती. कुठलं? चाकूर?” कारकुनानं पाकीट काट्यावर ठेवलं, नंबराची पट्टी चिकटवली. “उद्या पोचेल. बहुतेक परवा.”

मन्मथनं पावती घेतली. मागचा माणूस कोपरानं ढोसत होता, तरी तो खिडकीतून हलला नाही. कारकुनानं पाकीट उचललं, मागं वळून चाकूरच्या थैलीत टाकलं. मग तो बाजूला झाला.