बोटांनी काढलेली गाठ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. "मशीनला दिसते सावली, मला दिसतं मूळ!" महाराज गरजले. समोर आडव्या झालेल्या आठ महिन्यांच्या गरोदर बाईच्या पोटावर त्यांनी ओला कापूस ठेवला, बोटं रुतवली आणि रक्ताने माखलेली गाठ वर काढली. पोटावर साधा ओरखडाही नव्हता! "आईच्या पापाची गाठ होती, गेली! आता दवाखान्याची पायरी चढू नकोस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. उशाशी बसलेल्या नणंदेचेही डोळे भरून आले. रक्त तपासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. पण भाचरू वाचणार म्हटल्यावर शहाणपण कुठे टिकतं? तरी सवयीने तिने तो कापूस उचलला आणि प्रयोगशाळेत डबीत जपून ठेवला.

सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत गाठ दिसली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "गाठ झपाट्याने वाढतेय. बाळाची आशा फार थोडी. पण दर आठवड्याला या. डोकं फार वाढलं, तर बाळंतपण तुमच्याही जिवावर बेतेल."

वहिनीने दोन तारखा चुकवल्या. तिला धाप लागू लागली, पोट ताणून दुखू लागलं, तेव्हा कुठे नणंदेने डबी उघडून कापसावरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माणसाच्या तांबड्या पेशी गोल, आत केंद्रक नसतं. इथे प्रत्येक पेशी लांबट, मधोमध गडद ठिपका. पक्ष्याचं रक्त! कापसाच्या घडीत कलेजीचे कणही चिकटले होते. म्हणजे कोंबडीच्या कलेजीचा तुकडा कापसातच लपवलेला होता. महाराज बोटं दुमडत, ती पोटात शिरल्यासारखी वाटत.

"म्हणजे गाठ आतच आहे?" वहिनीने विचारलं.

"आतच आहे गं."

दुपारी सोनोग्राफी झाली. डोकं इतकं वाढलं होतं, की संध्याकाळीच सिझेरियन करावं लागलं. वहिनी थोडक्यात बचावली. मुलगी चाळीस मिनिटं जगली, सगळी आईच्या छातीवर.

"माझ्या पापाने झालं का हो?" वहिनीने विचारलं.

"कुणाच्याच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशी वाढताना चुकतात. का, ते आम्हालाही नीटसं ठाऊक नाही."

"मी डबी आधी उघडायला हवी होती," नणंद पुटपुटली. वहिनीने तिचा हात सोडला नाही.

दोन महिन्यांनी दोघी सभागृहाच्या दाराशी उभ्या राहिल्या. नणंदेने कापसातून गाठ काढून दाखवली. मग वहिनी रांगेतल्या बायकांना म्हणाली, "माझं बाळ डॉक्टरही वाचवू शकले नसते. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, म्हणूनच मला ते नकोसे झाले. खरं कडू लागलं म्हणून खोट्याच्या दारी जाऊ नका. तपासणी चुकवू नका."

दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. एक पोटुशी मात्र रांगेतून बाहेर आली. "दवाखाना अजून उघडा असेल का हो?"