एकोणतीसचा पाढा

या, असे जवळ येऊन बसा. पंख्याचा वारा इथेही येतो. आज एक गोष्ट सांगतो. मला कीर्तनाचं वेड आहे हे तुम्ही जाणताच. बुवा पूर्वरंगात विषय उकलून दाखवतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. माझ्याकडे पूर्वरंग नाही. उकलून दाखवावं असं मलाच काही उकललेलं नाही. सरळ आख्यानच सांगतो, झांजा खाली ठेवा.

मी गोपीनाथ. तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली. आता या परक्या शहरात हार्बरफ्रंट भागातल्या एका कचेरीत बसून दुसऱ्यांच्या जहाजांची काळजी करतो आणि राहतो सेम्बावांगला. रग्बीचा नाद मला जहाजावर लागला. फिजीचे खलाशी होते, त्यांनी डेकवर दोरखंडाचं भेंडोळं चेंडूसारखं फेकून हा खेळ शिकवला. गुडघे गेले, नाद राहिला. म्हणून सेम्बावांगच्या हौशी संघाचा मी मॅनेजर झालो. मॅनेजर म्हणजे जर्सी मोजायच्या, बर्फाची पेटी भरायची, पंचांची सही घ्यायची. पोरं मला ‘अंकल गोपी’ म्हणत. एकटा क्षितिज ‘काका’ म्हणायचा.

क्षितिज घोरपडे कागलचा. जहाज दुरुस्तीच्या यार्डात इंजिनीयर, वय सव्वीस. शाळेत कबड्डी, कॉलेजात रग्बी. बायको अनुजा बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत काम करायची. पहिल्याच दिवशी तो सरावाला आला आणि कर्णधार हाफिजला त्यानं असा काही पायात धरून आडवा केला, की हाफिज गवतावर पडल्या पडल्याच म्हणाला, “अंकल, धिस वन वी कीप, लाह!”

आमचा विभाग चषक म्हणजे शहराच्या सहा भागांचे सहा संघ. प्रत्येकाशी एकेक सामना, मग उपांत्य आणि अंतिम. सेम्बावांगनं तो चषक कधीच जिंकला नव्हता. दर वर्षी शेवटून दुसरे. क्षितिज म्हणायचा, “काका, शेवटून दुसरं म्हंजे वरनं पाचवं. चांगलं हाय की!”

त्या मोसमात मात्र चित्र बदललं. स्क्रम तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. दोन्हीकडचे आठ आठ गडी खांद्याला खांदा अडकवून, माना खाली घालून एकमेकांना रेटतात. पहिल्या रांगेत अगदी मधोमध जो असतो, त्याच्या मानेवर सगळा भार. तिथे क्षितिज. पहिला सामना हरलो, नंतरचे चारही जिंकलो. सुमित्रा, माझी बायको, प्रत्येक सामन्याला साबुदाण्याची खिचडी करून पाठवायची. अर्धा संघ मलय, बाकीचे चिनी, सगळे तुटून पडायचे. एकदा अनुजा डबा परत द्यायला घरी आली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, “काका, मला शनिवारी लॅब असते. मॅच बघायला जमत नाही. तुम्ही असता म्हणून मी निवांत असते.”

मी म्हणालो, “अगं, मी आहे ना.”

उपांत्य सामना होता आमच्या हार्बरफ्रंटशी. माझ्या कचेरीतलीच चार माणसं त्या संघात, त्यामुळे आठवडाभर टोमणे चालले होते. “गोपीसाहेब, सोमवारी रजा टाकून ठेवा, तोंड दाखवायचं राहणार नाही.” दुसऱ्या डावात क्षितिजचं डोकं समोरच्या गड्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला. उठून उलट्या दिशेनं चालायला लागला. हाफिजनं खांदे धरून त्याला वळवला, पोरं हसली. तेवढ्यात विजेच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. इथला नियम तुम्हाला ठाऊक आहे: भोंगा वाजला की मैदान रिकामं. सगळे छपराखाली आले.

आमची डॉक्टर मेई नावाची तरुण मुलगी होती, दर शनिवारी आपणहून यायची. तिनं त्याला बाकावर बसवलं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर आणि पुढचे तीन आठवडे खेळ बंद, असा नियम. अंतिम सामना दोन आठवड्यांवर होता.

तिनं विचारलं, “शेवटचा ट्राय कोणी केला?” ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं. क्षितिजला सांगता येईना. “महिने उलटे म्हण.” डिसेंबर, नोव्हेंबर, सप्टेंबर, मग परत नोव्हेंबर. तिनं पेनाचं टोपण काढलं.

क्षितिजनं माझ्याकडे पाहिलं. “काका, काय न्हाई ओ. जरा गरगरलं. तिला सांगा की.”

आणि मी मध्ये पडलो. खोटं बोलायचं म्हणून नाही, देवाशपथ. मी म्हणालो, “डॉक्टर, हा मराठी शाळेत शिकलाय. आम्ही इंग्रजीत बोलतो, पण मनातलं गणित मराठीतच करतो. माझंही तसंच आहे.”

ती भली मुलगी. म्हणाली, “मग तुमच्या भाषेत विचारा, अंकल. बट समथिंग हार्ड, हं.”

अवघड! मराठी पोराला एकोणतीसच्या पाढ्याहून अवघड काय असतं? त्या एका पाढ्यासाठी गुरुजींनी आमच्या पिढीचे हात लाल केले. मी म्हणालो, “क्षितिज, एकोणतीसचा पाढा म्हण.”

त्यानं डोळे मिटले. “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी...” न अडखळता, दहापर्यंत. मी एकेक आकडा इंग्रजीत सांगत होतो आणि मेई फोनवर ताडून पाहत होती. दोनशे नव्वद आलं तेव्हा छपराखाली टाळ्या पडल्या. हार्बरफ्रंटवाल्यांनीसुद्धा वाजवल्या. माझी छाती अशी फुगली, जसं काही माझंच पोर वर्गात पहिलं आलं.

मेईनं विचारलं, “आर यू शुअर, अंकल?”

त्याच वेळी क्षितिज माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “काका, आई आली का खाली? मघाशी जिन्यात हुती.”

त्याची आई कागलला. त्या मैदानाला जिना नाही.

हे वाक्य मराठीत होतं. तिथे असलेल्या चाळीस माणसांत ते फक्त मला कळलं. मेईनं विचारलं, “काय म्हणाला?”

मी म्हणालो, “आईची आठवण काढतोय.”

हे खोटं नव्हतं. अशी वाक्यं फार वाईट असतात, बाबांनो. धडधडीत खोट्याला निदान लाज तरी असते.

मेईनं टोपण लावलं. वीस मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजला, वीज टळली. क्षितिज मैदानात गेला आणि आम्ही जिंकलो.

पुढचे दोन आठवडे तो ठीक दिसत होता. डोकं दुखतं म्हणायचा, पण यार्डात इंजिनाशेजारी काम करणाऱ्या कुणाचं डोकं दुखत नाही? मी त्याला रोज फोन करायचो आणि रोज एकच विचारायचो, “शनिवारी तयार ना?” बरा आहेस का, असं एकदाही विचारलं नाही. आता आठवून पाहतो, एकदा तरी विचारलं असेल. नाही.

अंतिम सामना बुओना व्हिस्टाशी झाला. दुसऱ्या डावाच्या मध्याला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, सतरा-पंधरा. तेव्हा क्षितिजनं एक साधी पकड केली. जोराचा मार नव्हता. सरावात त्याहून मोठे धक्के बसतात. तो उठला, चार पावलं चालला, गवतावर मांडी घालून बसला आणि आडवा झाला. मेई माझ्याआधी पोचली. मी बर्फाची पेटी घेऊन धावलो. बर्फ! मला दुसरं काही सुचलंच नाही.

रुग्णवाहिका गेल्यावर सामना पुढे झाला नाही. पण नियमाप्रमाणे पुरेसा वेळ खेळ झाला होता, तेव्हा त्या घडीचे गुण अंतिम धरले गेले. सेम्बावांग विजयी. तो चषक आता क्लबच्या काचेच्या कपाटात आहे. मी तो हातात घेतलेला नाही.

क्षितिज चौथ्या दिवशी दुपारी गेला. दोन आठवड्यांपूर्वीचा मार बरा व्हायच्या आत त्यावर दुसरा बसला, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या वेळी थांबवलं असतं तर हे टळलं असतं.

हॉस्पिटलच्या मजल्यावर अनुजा खिडकीशी उभी होती. तिनं विचारलं, “काका, आधीच्या मॅचला तपासलं होतं ना त्याला? मग कसं कळलं नाही?”

मी तिला पाढ्याचं सांगितलं.

“एकोणतीसचा?” ती म्हणाली. “काका, तो पाढा तर तो झोपेत म्हणतो. लहानपणी आईनं म्हणून म्हणून झोपवलंय त्याला. झोप येईना की अजूनही पुटपुटतो. त्याला शुद्ध लागत नाही ओ त्याच्यासाठी.”

बुवा कीर्तनात सांगतात, जिभेला असं वळण लावा, की अंतकाळी मन ठिकाणावर नसलं तरी ती आपणहून नाम घेईल. किती वेळा हे ऐकून मी डोळे पुसलेत. जीभ मनावाचून चालते, हे मला माहीत होतं. सगळ्या मैदानात फक्त मला माहीत होतं.

मग मी तिला जिन्याचंही सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “मला एक फोन केला असतात, काका. मी फोनवर त्याचा आवाज ऐकला असता तरी मला कळलं असतं.” एवढं बोलून ती आत गेली. नंतर माझ्याशी बोलली नाही. कागलला परत गेली. मी पाठवलेले निरोप वाचते. उत्तर देत नाही. देऊ नये.

क्लबनं चौकशी केली. मी समितीपुढे सगळं सांगितलं, ‘आईची आठवण’सकट. त्यांनी मान हलवली, मला पाणी दिलं, आणि अहवालात लिहिलं की हा दुर्दैवी अपघात होता, कुणाचाही दोष नाही. मेईनं त्या दिवसापासून मैदान सोडलं. मी तिची माफी मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “अंकल, आय आस्क्ड यू.” एवढंच. दार हळू लावून घेतलं.

आपल्या लोकांचं बोलणं तर त्याहून कडू. “गोपीनाथराव, तुम्ही चांगल्या मनानं केलंत. देवाची इच्छा.” नका हो देवाला मध्ये घालू. मी रोज त्याच्यापुढे बसतो. त्यानं मला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते क्षितिजनं, स्वच्छ मराठीत.

परवा क्लबमध्ये कुणीतरी म्हणालं, क्षितिज संघासाठी लढता लढता गेला. हाफिज उठून बाहेर निघून गेला. मीही उठलो.

तुमच्यापाशी एक मागणं आहे. माझ्यासाठी काही नको. पण उद्या-परवा या पोराचा विषय निघाला तर त्याला वीर म्हणू नका, हुतात्मा म्हणू नका. तो स्क्रम मोडला की पडलेल्या समोरच्या गड्याला आधी हात द्यायचा. खिचडीतले दाणे वेचून शेवटी खायचा. बायकोला फोनवर ‘मालकीणबाई’ म्हणायचा आणि आम्ही हसलो की लाजायचा. त्याचं नाव क्षितिज. त्याची आठवण ठेवा.