बाहेरच्या कप्प्यातले आमंत्रण

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, चौकोनी बॅग आहे. वैमानिकाची बॅग. माझी मूठ एका बाजूने निखळली आहे आणि कोपरे घासून पांढरे पडले आहेत, पण म्हणून मला कमी लेखू नका. तुमच्यातल्या थोरामोठ्यांपेक्षा जास्त वेळा मी ढगांच्या वर जाऊन आले आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड चामड्यातून दुहेरी शिवणीने घडवले. माझ्या कॅप्टननी मला विकत घेतले तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. नकाशे, जाडजूड पुस्तके, टॉर्च, जादा चष्मा असा सगळा संसार मी पोटात घेऊन वीस वर्षे त्यांच्या खुर्चीशेजारी बसले. "ही आहे म्हणून मी आहे," असे ते सगळ्यांना सांगायचे, आणि मी फुगून जायचे.

मग नकाशे हाताएवढ्या पडद्यात गेले आणि मी कपाटावर गेले. पाच वर्षे कोणी माझ्यावरची धूळही झटकली नाही. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

परवा दुपारी मात्र कॅप्टनच्या लेकीने मला खाली ओढले. वैमानिक प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती आणि होकार की नकार ते पाचच्या आत कळवायचे होते. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. साडेचार वाजून गेले होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, आईवडील समोरासमोर बसले होते आणि लेक हाताला चाळा म्हणून माझे कप्पे उघडत होती.

"दर सहा महिन्यांनी डॉक्टरची तपासणी," आई म्हणाली. "एक आकडा इकडचा तिकडे झाला की घरी बसा. तुझ्या बाबांचा निकाल येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आता तुझ्यासाठी पण तेच?"

"अगं, पण ढगांवरचं ऊन एकदा बघू दे तिला," कॅप्टन म्हणाले. "आणि उतरताना तीनशे माणसं जांभया देत निघून जातात, मागे वळूनही बघत नाहीत. म्हणजे आपलं काम चोख झालं. त्याच्यासारखं सुख नाही."

तेवढ्यात लेकीचा हात माझ्या बाहेरच्या कप्प्यात गेला आणि एक चुरगळलेले कार्ड बाहेर आले. तिच्या शाळेतल्या नाटकाचे आमंत्रण होते ते. सात वर्षांची असताना तिने त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते, 'बाबा, नक्की यायचं हं.'

"हे अजून इथे?" तिचा आवाज चढला. "मी पडद्याच्या फटीतून सारखी तुमची खुर्ची बघत होते, बाबा. रिकामी होती."

"टाकवलं नाही मला ते," कॅप्टन म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला तो दिवस ठाऊक होता, मी तिथेच होते.

"वारा आडवा होता त्या दिवशी. विमान नुसतं डोलत होतं. पण मला तुझ्या नाटकाची घाई. धावपट्टी समोर दिसत होती, मी उतरवणारच होतो. शेजारी सहवैमानिक, कामाला लागून जेमतेम दोन महिने झालेली पोर. ती म्हणाली, 'गो अराउंड.'"

मित्रांनो, हे शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारले की उतरणे सोडून विमान सरळ परत वर न्यायचे असते. का, ते नंतर विचारायचे.

"मी वर नेलं. मग दुसऱ्या शहरात उतरलो. त्या पोरीनं तोंड उघडलं नसतं तर..." आईने टेबलाची कड घट्ट धरली. इतक्या वर्षांत हे तिलाही आजच कळत होते.

पाचला पाच मिनिटे कमी होती. लेक कार्डावरची अक्षरे बोटाने गिरवत होती. माझ्या जुन्या चामड्यालाही घड्याळाची टिकटिक सोसवेना, मग कॅप्टनना कशी सोसवणार? "अगं, वेळ चाललाय," म्हणत त्यांनी होकाराच्या बटणाकडे हात नेला.

"गो अराउंड," लेक म्हणाली.

हात तिथल्या तिथे थांबला आणि मागे आला. कॅप्टननी एका शब्दाने विचारले नाही.

लेक आईकडे वळली. "मला जायचंय, आई. भीती वाटतेय, तरी जायचंय. पण तुझा घास अडकणार, तेही कळतंय मला."

आईने ते कार्ड हाताने सरळ केले आणि माझ्या कप्प्यात परत ठेवले. "आत्ता बाबांना थांबवलंस, तसं उद्या कुठल्याही पिकल्या केसांच्या कॅप्टनला थांबवशील?"

"थांबवीन."

"मग दाब."

पाचला एक मिनिट कमी असताना लेकीने स्वतःच्या बोटाने बटण दाबले. आई रडत होती आणि हसतही होती. मलाही भरून आले.

उद्या लेक मला मूठ शिवायला नेणार आहे, कारण ती मला सोबत घेऊन जाणार आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी कपाटावर पडले असेल तर त्याची धूळ झटका आणि टाकून देण्याआधी त्याचे कप्पे एकदा तपासा. आणि तुमच्याहून लहान कोणी 'थांबा' म्हणाले, तर आधी हात मागे घ्या. का, ते नंतर विचारा.