सिरियाकोची खुर्ची

खाणकामगारांच्या त्या वस्तीत मृतांच्या सणाला गेलेल्या माणसाचं टेबल घरात, चांगल्या खोलीत मांडतात. हिलारियानं मात्र यंदा आपल्या दिराचं, सिरियाकोचं टेबल अंगणात, बोचऱ्या वाऱ्यात मांडलं होतं. पावाच्या बाहुल्या, विझू पाहणाऱ्या मेणबत्त्या आणि त्याच्यासाठी एक रिकामी खुर्ची.

प्रार्थनेला आलेली शेजारीण पेट्रोना नाक ओढत म्हणाली, "काय गं हिलारिया, मेलेल्याला अंगणात बसवतेस? शोभतं का?"

सकाळपासून हे सातव्यांदा. हिलारियात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"आधी नाक पूस. छातीत वीस वर्षांची खाणीची धूळ घेऊन माझा दीर जगला, आणि गेला तो नातीच्या सर्दीनं. पोरगी तिसऱ्या दिवशी खेळायला लागली, ह्याला आठव्या दिवशी पुरलं. आत माझा नवरा आहे. त्याची छातीही त्याच खाणीतली."

खिडकीच्या काचेआड लेआंद्रो हसला. तेवढ्यानंही त्याला धाप लागली. पेट्रोना फणकाऱ्यानं निघून गेली.

ऊन उतरलं. अंगणातल्या चुलीवर सूप उकळत असताना हिलारियाला शिंक आली. मग दुसरी. घसा सकाळपासूनच खवखवत होता. धुळीनं असेल, असं ती स्वतःला सांगत आली होती.

तोंडावर शाल दाबून तिनं वाडगा खिडकीत ठेवला आणि मागे सरली.

"आत ये गं, गारठशील," लेआंद्रो म्हणाला.

"खिडकी लावून घे," ती म्हणाली, आणि जाऊन सिरियाकोच्या खुर्चीत बसली.