अंतरपाटाचं एक टोक

नॉर्वेत लग्नाचा मुहूर्त सफरचंदाची झाडं काढतात, हे मला माझ्याच मुलीच्या लग्नात कळलं. तिकडे वसंत म्हणजे मे महिन्यातला एखादा आठवडा. तेवढ्यात फुलून घ्यायचं, तेवढ्यात लग्न उरकायचं. मग पाऊस येतो आणि फुलं खाडीत वाहून जातात. आमची आसावरी मासळीवर संशोधन करायला तिकडे गेली आणि लार्स नावाच्या, बागा असलेल्या घरातल्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. तिथे गुरुजी मिळणार नव्हते. मंगलाष्टकं आई म्हणेल, अंतरपाटाचं एक टोक लार्सचे वडील धरतील आणि दुसरं मी, असं तिनं ठरवून टाकलं. "बाबा, दॅट्स ऑल आय वॉन्ट फ्रॉम यू," असंही फोनवर सांगितलं. बापाकडून इतकं कमी मागणारी मुलगी मी माझ्या नोकरीच्या गावी, दोह्यात, दुसरी पाहिली नव्हती.

ही २००३ सालची गोष्ट. व्हिसा होता, तिकीट होतं, कोट होता. राहिली होती देशाबाहेर जायच्या परवान्यावर कफीलची, म्हणजे आपला जामीन राहणाऱ्या तिथल्या मालकाची, सही. कतारमध्ये येण्यापुरताच कफील लागतो असं नव्या माणसाला वाटतं. तो जातानाही लागतो, दर वेळी. आमचे कफील अबू मन्सूर हे कंपनीचे मालक आणि मनानं मोठा माणूस. फक्त परवान्यावर मारायचा शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली त्यांच्या खिशात, आणि सही त्यांच्याखेरीज कोणाचीही चालायची नाही.

सरकारी कचेऱ्यांतली कंपनीची कामं इकबालभाई बघायचे. मूळचे कोकणातल्या म्हसळ्याचे, राहायला दोह्याच्या नजमा भागात. त्यांनी मला बजावलं, "सायेब, गेल्या गेल्या कागद पुढं करू नका. मजलिसात बसा, कावा प्या, इकडचं तिकडचं बोला. कामाचं शेवटी काढायचं, उठताना."

मी तसंच केलं. त्यांच्या बैठकीत बसलो, कावा म्हणजे त्यांची कडू कॉफी प्यायलो. अबू मन्सूर उकाड्याला वैतागले होते. विषय आपल्या पायांनी चालत आला म्हणून मी खूश झालो आणि नॉर्वेचं वर्णन सुरू केलं. वर डोंगरावर बर्फ, खाली पांढऱ्या फुलांच्या बागा, अंगावर शाल घेऊन बाहेर बसता येईल एवढीच थंडी. गावाचं नाव सांगितलं. तिथलं एकुलतं एक हॉटेल सांगितलं. हे सगळं फक्त आठवडाभर असतं, हेही सांगितलं. साइटवर वीस वर्षं सिमेंटबद्दल बोलणाऱ्या माणसाला फुलांबद्दल इतकं बोलता येतं, याचं मलाच कौतुक वाटलं. अबू मन्सूर डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. "व्हेरी गुड, मिस्टर सुरेश," म्हणत माझा खांदा थोपटून ते निघून गेले.

उठताना बोलायचं होतं. उठले ते.

पुढचे दोन-तीन दिवस मी त्यांच्या केबिनबाहेर घुटमळलो. मग इकबालभाई बातमी घेऊन आले. अबू मन्सूर कुटुंब घेऊन उत्तरेला गेले होते. युरोपचा व्हिसा त्यांच्या पासपोर्टवर कायमचा असायचा.

"उत्तरेला म्हणजे कुठं?"

"तुमच्या त्या झाडांकडं. सांगितलंत तरी काय त्यांना?"

बायकोला कफीलची सही लागत नाही. विभावरी अंतरपाट आणि, मी आलोच तर म्हणून, माझा कोट घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही नेमकं नको तिथे बोलता." लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं हॉटेलात अबू मन्सूरना नाश्त्याच्या टेबलावर गाठलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मिस्टर सुरेश, तुमच्या मुलीचं लग्न? वल्ला, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो, सर. उठताना."

पलीकडे किल्ल्या वाजल्या. खिसा चाचपत असावेत. किल्ली त्यांच्याकडे होती आणि ड्रॉवर माझ्यापासून दहा पावलांवर होता. लग्न उद्या सकाळी होतं.

"मी काय करू, सांगा," ते म्हणाले. इतका मोठा माणूस हे इतक्या साधेपणानं विचारत होता, की मला रागही धरता येईना.

"एक कापड धराल का, सर? दोघांच्या मधे धरायचं असतं."

"सोडायचं कधी?"

"विभावरी सांगेल."

लग्नाच्या वेळी मी दोह्याच्या अबू हमूर भागातल्या आमच्या घरात, एसीखाली, सिल्कचा कुर्ता घालून फोन कानाला लावून बसलो होतो. विभावरीचा आवाज मंगलाष्टकाच्या शेवटी नेहमीसारखा चिरकला. मग "सावधान" झालं, कोणीतरी हळूच अरबीत "यल्ला", म्हणजे चला, म्हणालं, आणि टाळ्या वाजल्या. कापड पडलं असणार.

मग फोन आसावरीकडे आला. मागे वारा होता.

"बाबा, आर यू देअर?"

"आहे," मी म्हटलं. "इथंच आहे."