सतरा आणि अठरा नंबरच्या ट्यूबा

माझं डोकं लवकर तापतं, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी तापायला कारण होतं, अगदी शंभर टक्के.

लखनौच्या ट्रॅफिक हवालदारांवर आमची चाचणी चालू होती. दिवसभर धूर खाऊन बिचाऱ्यांच्या हिरड्या सुजलेल्या असतात, ब्रश लावला की रक्त. मी डाळिंबाच्या सालीचा आणि हळदीचा अर्क घालून हिरड्यांना चोळायचं जेल बनवलं होतं. निम्म्यांना ते द्यायचं, निम्म्यांना तसंच दिसणारं, तसंच लागणारं, पण औषध नसलेलं. कुठल्या नंबरच्या ट्यूबमध्ये काय, ते त्यांनाही माहीत नाही नि मलाही नाही. ती यादी आमच्या प्रमुख विभाताईंच्या कपाटात कुलपात. बेचाळीस हवालदार घेतले, दोघांची बदली झाली, उरले बरोब्बर चाळीस. आणि चाळिसाच्या खाली गेलो तर निकाल धरायचा नाही, हे आम्हीच आधी लिहून दिलेलं!

सहा महिन्यांनी शेवटच्या तपासणीला शेवटचा आला इंद्रजित, हजरतगंजच्या चौकातला. हिरड्या पाहून झाल्या. मी सवयीनं विचारलं, "ट्यूब रोज लगाई न?"

"झूठ नहीं बोलूँगा, मॅडम. दो महीने में मेरा खून बंद हो गया, रामसजीवन का नहीं हुआ. तो हमने ट्यूब बदल ली."

रामसजीवन म्हणजे त्याच चौकात ड्यूटी करणारा त्याचा जोडीदार. तोही आमच्या चाळिसातलाच. म्हणजे एक नाही, दोन गेले!

तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, काय केलंत हे!" मी मराठीतच ओरडले. मग भान येऊन हिंदीत, "शर्म नहीं आती?"

"आती है," तो खाली बघत म्हणाला. "एक ही डिब्बे से खाते हैं हम. दो महीने मैं ठीक रहा और वो खून थूकता रहा. उसी की शर्म आती है."

त्याला बाहेर बसायला सांगितलं, हलायचं नाही म्हणून दटावलं. लिहिलं नसतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. शेवटी रजिस्टरमध्ये लिहिलं, सतरा आणि अठरा नंबरच्या ट्यूबांची अदलाबदल. लिहिताना रडू आलं, खोटं कशाला सांगू?

विभाताई पक्क्या नागपूरच्या. रजिस्टर वाचून म्हणाल्या, "रडून काय राहिली? तपासण्या संपल्या ना? कर सही, आता यादी पाहू."

त्यांनी बोट फिरवलं आणि थांबल्या. सतरामध्ये औषध नव्हतं. अठरामध्येही नव्हतं.

"बिनऔषधाची देऊन बिनऔषधाचीच घेतली. काय बिघडलं? दोघंही गणतीत!"

हातातोंडाशी आलेला घास वाचला. मी खुर्चीत बसून वेड्यासारखी हसले. आणि मग बाहेर बसलेला इंद्रजित आठवला. आम्ही सगळ्यांनाच दिवसातून दोनदा नीट दात घासायला शिकवलं होतं, त्याला तेवढ्यानंच गुण आला असणार. चार महिने हा माणूस आपलं औषध मित्राला दिल्याच्या समाधानात होता. चाचणी संपल्यावर कुणी विचारलं तर खरं सांगायचं, असा हवालदारांशी करार होता. त्याला आत बोलावलं, आणि त्यानं विचारलंच.

"असली वाली मेरी थी न?"

"नहीं, इंद्रजितजी. दवा दोनों में नहीं थी."

मला वाटलं, चिडेल. चिडायचा हक्कच होता त्याचा. त्यानं हातातली टोपी एकदा फिरवली.

"मतलब उन दो महीनों में मैंने उसका हक़ नहीं खाया?"

"नहीं."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. डोळे भरले होते आणि चेहरा असा मोकळा, की मला माझ्या मघाच्या हसण्याची लाज वाटली. टोपी घालून तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"असली वाली काम की निकले, तो पहले रामसजीवन को दीजिएगा, मॅडम. उसका खून अभी भी आता है."