जागी ठेवलेली ओळ

दुपारच्या शांततेत फ्रिज खट्ट वाजला आणि घरघरायला लागला. मी दचकून लेकीकडे पाहिलं. झोपेतच होती. ती उठायच्या आत अहवाल पाठवायचा होता.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बोळाच्या तोंडाशी आमच्या कंपनीने भिंतीवर एक फलक बसवलाय. टॉवरच्या लहरी पोचत नाहीत तिथे तो त्या वळवतो, आरशाने कवडसा पाडावा तसा. त्यावर बारीक चौकोनांच्या सोळा ओळी. कोणी फोन वापरत नसेल तेव्हा ओळी झोपवून वीज वाचवायची, ही कल्पना माझी.

"तुझी भिंतही माझ्यासारखी जेवून लवंडते की काय गं?" आबा म्हणाले होते.

"घोरत नाही तेवढी."

कोणी फोन लावला की बाकीच्या ओळींना उठवायला चार ओळी जाग्या ठेवायचं ठरलं होतं. चारांत बचत मनासारखी होईना. मी एकच ठेवली आणि तिचा रोख रस्त्याकडे केला, कारण चाचणीला आम्ही सगळे फोन घेऊन रस्त्यावरच हिंडत होतो. बोळात कोणी शिरलंच नाही.

मंगळवारी दुपारी आबांच्या छातीत कळ आली. त्यांच्या फोनवर मला लावलेले सात कॉल आहेत. माझ्या फोनवर एकही नाही. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, तर फोन त्यांच्या हातातच होता. बोटं सोडवावी लागली.

कालच साहेबांचा फोन आला. "त्यांचा फोन जुना होता, एवढं लिही आणि मोकळी हो. चाचणीच्या याच आकड्यांवर आणखी दोनशे फलक लागायचेत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"दोनशे बोळ असतील, सर."

"रडून झालं की बोल," ते म्हणाले. मी रडत नव्हते.

आता लिहिलं: फलक बसवणं थांबवावं. बोळाकडे जागी ओळ नव्हती. तो निर्णय माझा. खाली नाव घातलं आणि पाठवून दिलं.

मागून गरम गाल माझ्या दंडाला टेकला. केस घामाने चिकटलेले. मी तिला मांडीवर ओढलं.

"आई, आबांनी फोन लावला तेव्हा भिंत झोपली होती ना?"

"हो, राणी."

तिने जरा विचार केला.

"तिला झोप म्हणून कोणी सांगितलं?"